शिक्षकांची अभ्याससहल : मुंबईतलं युद्ध दाखवायचं कुठे?

बदलापूरच्या एका सरांनी विचारलं आहे. तालुक्यातले पंचवीस-तीस इतिहास शिक्षक, हाताशी एक रविवार, येणं-जाणं लोकलने. विषय 'युद्धकाळातली मुंबई' असा ठरलाय. पण मुंबईत लढाई अशी झालीच नाही, मग गेटवे, संग्रहालय आणि घारापुरी सोडून दाखवायचं काय? आणि परत आल्यावर ते वर्गात कामी कसं यावं?

सर, प्रश्न नेमका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून शिक्षकांच्या गटांना दक्षिण मुंबईत फिरवायचं काम मी करते आहे. पहिलं सांगायचं ते हे की दिवसभरासाठी एकच प्रश्न धरा आणि तो प्रत्येक ठिकाणी विचारा. मी धरते तो प्रश्न असा : इथे मेलेल्या माणसांपैकी नाव कुणाचं कोरलंय आणि कुणाचं नाही? मुंबईतून फौजा गेल्या, मुंबईत जखमी आले, मुंबईच्या गोदीत दारूगोळा उतरला, मुंबईच्या खलाशांनी बंड केलं. यातल्या बहुतेक जागा आज रिकाम्या दिसतात किंवा बंद फाटकाआड आहेत. नुसतं 'बघायला' गेलात तर शिक्षक अकरा वाजता कंटाळतील. नावांचा शोध घ्यायला लावलात तर चार वाजेपर्यंत कुणी घड्याळ बघणार नाही.

घारापुरी या सहलीतून काढून टाका. वर डोंगरावर जुन्या तोफा आहेत, मुलांना आवडतात, पण लाँचने जाण्या-येण्यातच अर्धा दिवस जातो. वसईचा किल्लाही नको. १७३९ ची चिमाजी आप्पांची मोहीम हा स्वतंत्र दिवसाचा विषय आहे, आणि तुमच्यासाठी तो दुसऱ्या मार्गावर पडतो.

सकाळी लवकरची गाडी धरा आणि सीएसएमटीहून बेस्टने थेट कुलाब्याच्या टोकाला अफगाण चर्चला जा. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते, तेव्हा आधी फोन करून आत जायची वेळ ठरवून घ्या. हे चर्च पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलं. १८४७ साली पाया घातला, १८५८ साली ते प्रार्थनेसाठी खुलं झालं. बहुतेक जण उंच मनोरा आणि रंगीत काचा बघून निघतात. तुम्ही भिंतीपाशी थांबा. तिथे अधिकाऱ्यांची नावं आहेत. आणि स्मृतिलेखात असंही म्हटलंय की खालच्या हुद्द्याचे आणि साधे शिपाई इतके होते की त्यांची नावं लिहिणं शक्य नाही.

ते वाक्य एखाद्या इंग्रजीच्या शिक्षकाकडून मोठ्याने वाचून घ्या, दुसऱ्याने जागच्या जागी मराठीत सांगायचं. मग दोन मिनिटं काही बोलू नका. एकदा एक बाई वहीत लिहितालिहिता थांबून म्हणाल्या, "म्हणजे आमच्या गावचे लोक या 'खूप होते' मध्ये आले." बरोबर बोलल्या त्या. सिंधमार्गे अफगाणिस्तानात जी फौज गेली तिच्यात मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. १८३९ साली गझनी घेतली तेव्हाही त्या होत्या. यावर वेगळं व्याख्यान देऊ नका, भिंतीवरचा लेख पुरेसा आहे.

तिथून परतताना कुलाब्यातच नौदल उठावाचं स्मारक आहे : छोटीशी बाग आणि खलाशाचा पुतळा. फार लोक जात नाहीत. आठवीच्या पुस्तकात उठावावर थोडक्या ओळी आहेत, त्यामुळे तुमच्या शिक्षकांना घटना माहीत असते, जागा माहीत नसते. म्हणून इथे वेळ द्या. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्यातल्या 'तलवार' या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातल्या खलाशांनी जेवणावर बहिष्कार टाकला. निमित्त निकृष्ट जेवणाचं आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिवीगाळीचं होतं. पण त्याआधीच बलाई चंद दत्त या खलाशाला केंद्राच्या भिंतींवर 'छोडो भारत'सारख्या घोषणा लिहिल्याबद्दल अटक झाली होती. दुसऱ्या दिवशी संप समिती झाली, अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. दोन-तीन दिवसांत संप कराची, कलकत्त्यापर्यंत पोचला. ७८ जहाजं, २० किनारी ठाणी आणि सुमारे २० हजार खलाशी, असे आकडे सगळीकडे दिलेले असतात.

युद्ध १९४५ च्या ऑगस्टमध्ये संपलं, मग हे 'युद्धकाळात' कसं बसतं, असं कुणीतरी विचारेलच. विचारलं तर बरंच. ही पोरं युद्धासाठी भरती झालेली होती. भरतीच्या वेळी दिलेली आश्वासनं, युद्धात पाहिलेलं जग, गोऱ्या खलाशांना मिळणारा पगार आणि स्वतःचा पगार, आणि युद्ध संपताच समोर दिसणारी बेकारी, हे सगळं त्या जेवणाच्या ताटाशी येऊन मिळालं. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे लाल किल्ल्यातले खटले तेव्हा घराघरात चर्चेत होते. हा धागा जोडल्याशिवाय उठाव शिकवला तर मुलांना तो नुसता डाळ-भाताचा झगडा वाटतो.

पुतळ्यापासून गेटवेवर या. गेटवेची पायाभरणी, राजाची भेट वगैरे दोन वाक्यांत उरका. दोन गोष्टी मात्र इथेच सांगायच्या. एक, १९४६ च्या त्या आठवड्यात मुंबईकर खलाशांसाठी जेवण, फळं, पाव घेऊन इथे धक्क्यावर आले आणि ते बोटींतून जहाजांवर गेलं. दोन, २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, या कमानीतून चालत जाऊन जहाजावर चढली. दोन घटनांत दोन वर्षांचं अंतर. शिक्षकांना समुद्राकडे तोंड करून उभं करा आणि मग सांगा. मागे ताजमहाल हॉटेल आहे, पहिल्या महायुद्धात तिथे जखमी सैनिकांचं रुग्णालय होतं. आणि थोड्या अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ती इमारत १९१४ च्या सुमारास तयार झाली, पण संग्रहालय म्हणून १९२२ साली उघडली. मधल्या काळात तिथेही लष्करी रुग्णालय चाललं. रविवारी संग्रहालयाच्या आत जाऊ नका, गर्दीत दोन तास जातील. बाहेरच्या हिरवळीकडे बघत एवढंच सांगा की मेसोपोटेमियाहून, म्हणजे आजच्या इराकमधून, आलेले जखमी मुंबईच्या बंदरावर उतरत होते. एप्रिल १९१६ मध्ये कुत-अल-अमारा पडलं तेव्हा तुर्कांच्या हाती गेलेल्या हिंदी सैनिकांत मराठा पलटणींची माणसं होती. तुमच्यापैकी कुणाचं गाव साताऱ्याकडे, कोकणात असेल तर गावात पहिल्या महायुद्धाची पाटी आहे का, हे तिथेच विचारा. बऱ्याच गावांत 'या गावातून इतके लोक महायुद्धास गेले' अशी संगमरवरी पाटी चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत असते. रोज तिच्यासमोरून जाणाऱ्यांनीही ती वाचलेली नसते.

गेटवेहून फोर्टकडे चालत जा. लायन गेटसमोर विक्रांतचं स्मारक लागतं, मोडीत काढलेल्या जहाजाच्या धातूचं. १९७१ च्या युद्धात विक्रांत बंगालच्या उपसागरात होतं. इथे वयाने मोठ्या शिक्षकांना बोलतं करा. १९७१ चा ब्लॅकआऊट, खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद, भोंगा वाजला की जिन्याखाली जाणं, हे कुणा ना कुणाच्या आईवडिलांनी सांगितलेलं असतं. नुसतं ऐकू नका, तारीख-वर्ष-चाळ विचारून टिपून घ्या. वर्गातल्या तोंडी इतिहासाच्या प्रकल्पाची ती उत्तम सुरुवात होते.

पुढे डाव्या-उजव्या हाताला नौदलाच्या भिंती सुरू होतात. कॅसल बॅरॅक्स, आजचं आयएनएस आंग्रे, याच भिंतीआड. २१ फेब्रुवारी १९४६ ला इथे लष्कराने वेढा दिला आणि दोन्ही बाजूंनी गोळीबार झाला. आत जाता येत नाही आणि भिंतीचे, फाटकाचे फोटो काढायचे नाहीत. हे सकाळीच सगळ्यांना बजावून ठेवा. एकाने मोबाईल वर धरला की पहारेकरी अख्ख्या गटाला थांबवतात.

इथे उभं राहून दुसऱ्या दिवसाबद्दल बोलायचं. २२ फेब्रुवारीला मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, कामगार रस्त्यावर आले, आणि लष्कराने व पोलिसांनी गोळ्या चालवल्या. दोनशेहून अधिक माणसं मेली. परळच्या कमल दोंदे त्या गोळीबारात गेल्या. २३ तारखेला वल्लभभाई पटेलांच्या आणि इतर नेत्यांच्या सल्ल्याने खलाशांनी शरणागती पत्करली. नेत्यांनी योग्य केलं की नाही, यावर शिक्षकांत वाद होतो, दर वेळी होतो. होऊ द्या, पण एक अट घाला : ज्याला बोलायचंय त्याने १९४६ च्या फेब्रुवारीत कुणाला काय माहीत होतं तेवढ्यावर बोलायचं. ही शिस्त शिक्षकांना एकदा लागली की वर्गातल्या चर्चेचा दर्जा आपोआप वर जातो. आणि आपला प्रश्न विसरू नका. खलाशांचा पुतळा आहे. त्या दिवशी रस्त्यावर पडलेल्यांची नावं कुठे आहेत?

दुपारपर्यंत बॅलार्ड इस्टेट गाठा. रविवारी तिथली बहुतेक हॉटेलं बंद असतात, म्हणून डबे बरोबर ठेवा. उलट रस्ते मोकळे असल्यामुळे गट घेऊन निवांत उभं राहता येतं. हा सगळा भाग शेजारची अलेक्झांड्रा गोदी, आजची इंदिरा गोदी, खोदताना निघालेल्या मातीचा भराव टाकून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उभा राहिला. आराखडा जॉर्ज विटेटचा. गेटवे त्याचाच, संग्रहालयही त्याचंच. चौकात पोर्ट ट्रस्टचा पहिल्या महायुद्धाचा स्मृतिस्तंभ आहे. इथून फौजा, घोडे, खेचरं, सामान जहाजांवर चढलं. स्तंभ सुंदर आहे, पण वेळ कमी असेल तर इथे दहा मिनिटांत आटपा.

वेळ वाचवायचा तो मस्जिद बंदरसाठी. स्टेशनजवळच इंडियन सेलर्स होम आहे. मुंबईतले किती शिक्षक तिथे गेलेत? मला फारसे भेटलेले नाहीत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. पहिल्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक तिथे आहे. ज्यांची कबर समुद्र हीच, अशांचं. शाही नौदलातले काही, पण बरेचसे व्यापारी जहाजांवरचे : भट्टीत कोळसा टाकणारे, इंजिनखोलीतले, भांडी घासणारे. दुसऱ्या महायुद्धातल्या जवळपास साडेसहा हजार खलाशांच्या नावांची नोंदवही आहे. तिची जुळी प्रत बांगलादेशात चितगावच्या युद्ध दफनभूमीत ठेवली आहे, कारण खलाशांची भरती कोकण-गोव्यातून जशी झाली तशीच पूर्व बंगालमधून झाली. पाणबुडीने टॉर्पेडो मारला की आधी बुडायचे ते खाली इंजिनखोलीत असलेले. रत्नागिरी-रायगडकडच्या मुस्लिम घरांत 'आजोबा बोटीवर होते' हे वाक्य अजून ऐकू येतं. दापोलीकडच्या एका सरांनी ती नावं वाचताना बोट ठेवून एकेक ओळ पार केली, अर्धा तास. त्यांना कुणी घाई केली नाही.

सकाळी अफगाण चर्चच्या भिंतीवर 'खूप होते म्हणून नावं नाहीत' वाचलेलं असतं आणि दुपारी भट्टीवाल्याचंही नाव कोरलेलं दिसतं. १८५८ ते पहिलं महायुद्ध या साठेक वर्षांत काय बदललं, हा प्रश्न इथे टाका. लोकशाही रुजणारी सैन्यं, मोठ्या प्रमाणावर भरती, पहिल्या महायुद्धानंतर हुद्दा न बघता प्रत्येकाचं नाव लिहायचं हे ठरलेलं धोरण, अशी बरीच उत्तरं येतील. हे धोरणही सगळीकडे सारखं पाळलं गेलं नाही, आफ्रिकेत आणि आशियात कित्येक हिंदी शिपाई नुसत्या आकड्यात राहिले, हेही सांगायला हवं.

तिथून चालत पी. डिमेलो रस्त्यावर या, चारच्या आधी. गोदीच्या आत परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि जाऊनही उपयोग नाही, कारण जिथे स्फोट झाला ती व्हिक्टोरिया गोदी भराव टाकून बुजवली आहे. कर्नाक बंदर ते वाडीबंदर या पट्ट्यात भिंतीच्या कडेने सावलीत उभे राहा आणि १४ एप्रिल १९४४ ची दुपार तासातासाने सांगा.

फोर्ट स्टिकाइन हे जहाज फेब्रुवारीत इंग्लंडहून निघालं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, सुटी केलेली लढाऊ विमानं आणि सोन्याच्या विटा. कराचीत विमानं उतरली आणि मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपं, लाकूड, सुकी मासळी भरली. स्फोटकं आणि कापूस एकाच जहाजात. १२ एप्रिलला जहाज मुंबईत लागलं. दोन दिवस उतरवणी चालू होती, पण दारूगोळा तसाच आत. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास खालच्या खणातून धूर दिसला. बंबांनी शेकडो टन पाणी ओतलं, तरी आग नेमकी कुठे आहे कळेना. मग जहाजाच्या बाजूच्या पत्र्यावरचा रंग एका ठिकाणी फुगून सुटू लागला, तेव्हा कळलं. जहाज आहे तिथेच बुडवावं की बाहेर समुद्रात न्यावं, यावर अधिकाऱ्यांचं एकमत होईना. शेवटचा शब्द कुणाचा हेच ठरलेलं नव्हतं. ३.५० ला जहाज सोडा असा हुकूम सुटला. ४.०६ ला पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा.

सोन्याची वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली आणि त्यांनी ती परत केली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. सांगा, पण तिच्यातच अडकू नका. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दुपारी गेले. म्हणूनच देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. तुमच्या शाळेत त्या आठवड्यात फायर ड्रिल होत असेल, तर त्याचं मूळ या भिंतीआड आहे हे मुलांना सांगता येईल. एकूण मृतांचा सरकारी आकडा साडेसातशेच्या आत आहे, इतर अंदाज तेराशेपर्यंत जातात. इतका फरक का? रोजंदारीवरचे हमाल, आसपासच्या झोपड्यांतली माणसं, ज्यांची हजेरीपटावर नोंद नाही, ते मोजायचे कसे? आपला सकाळचा प्रश्न इथे पुन्हा येतो, आणि या वेळी उत्तर शिक्षकच देतात.

आणखी एक गोष्ट इथे नक्की सांगा. बातमी बाहेर पहिल्यांदा दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, दुसऱ्याच दिवशी. इथल्या वार्ताहरांना सविस्तर लिहायची मुभा मे महिन्यात मिळाली. अख्खं शहर हादरलं होतं, आकाश लाल झालं होतं, आणि सकाळच्या पेपरात नीट काही नाही. युद्धकाळातली सेन्सॉरशिप शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. याच्याच जोडीला उषा मेहतांचा गुप्त काँग्रेस रेडिओ सांगा. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, ४२.३४ मीटरवर, मुंबईत जागा बदलत बदलत. सरकार बातमी दाबत होतं आणि बाविशीतली मुलगी ती हवेत सोडत होती. ऑगस्ट क्रांती मैदान आणि मणिभवन याच दिवशी कोंबायचा मोह होईल. नका कोंबू. ती दोन ठिकाणं मिळून पावसाळ्याआधीची एक वेगळी सकाळ करा.

परतीच्या वाटेवर भायखळ्याला अग्निशमन दलाचं मुख्यालय आहे, तिथे त्या जवानांचं स्मारक आहे. तुमची गाडी मध्य रेल्वेचीच, तेव्हा उतरणं सोपं. मात्र परवानगी आधी हवी.

आता कागदपत्रं. सेलर्स होम आणि भायखळा या दोन्ही ठिकाणी शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं पत्र, येणाऱ्यांची नावं आणि तारीख लिहून किमान तीन आठवडे आधी द्या. मग फोन करून रविवारी उघडं असेल ना हे पक्कं करा. नसेल तर सहल शनिवारी घ्या, मार्ग बदलू नका. प्रत्येकाकडे ओळखपत्र असू द्या. रविवार ठरला तर आदल्या रात्री मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघा. १४ एप्रिलला यायचा विचार कराल, सुट्टीही असते. पण त्या दिवशी आंबेडकर जयंती, दादर आणि लोकल दोन्हीकडे अलोट गर्दी, आणि भायखळ्याला दलाचा स्वतःचा कार्यक्रम. आठवडाभर पुढे-मागे घ्या. मेमध्ये मात्र नको, गोदीच्या भिंतीशी दुपारी उभं राहवत नाही.

निघायच्या आधी प्रत्येक शिक्षकाला एकेक ठिकाण वाटून द्या. तिथे बोलायचं त्याने, तुम्ही नाही. पाच मिनिटं, हातात एक कागद, त्यावर एकच पुरावा : जुना फोटो, वर्तमानपत्राचं कात्रण, नकाशाचा तुकडा. १९४० च्या दशकातली मराठी वर्तमानपत्रं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत चौकशी केली की बघायला मिळू शकतात. तुमच्यातले दोघं एखाद्या शनिवारी जाऊन १५ एप्रिल १९४४ आणि २३ फेब्रुवारी १९४६ चे अंक शोधू शकले, तर तेवढ्या दोन पानांच्या झेरॉक्सवर अख्खी सहल उभी राहते. पत्रांचा मसुदा हवा असेल तर कळवा, माझ्याकडे तयार आहे, नावं-तारखा बदलून पाठवते.